नाणेघाटाची वाट : कुंभ आणि पोढ्या

आपल्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून जी पायवाट नाणेघाट चढते, ती दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाराची मोठी वाट होती. कल्याण व सोपारा बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला जाई. माझे शिक्षण सातवीपर्यंतचेच. पण गेल्या चैत्रात मंडळाच्या सहलीत घाट आणि जुन्नर पाहण्याचा योग आला. परतल्यावर थोडे वाचन केले, आणि जे समजले ते आपणांस सांगावेसे वाटले.

त्या काळी परदेशातून आपल्याकडे द्राक्षांचे मद्यही येई. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक मनुष्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या पुस्तकात भडोच बंदरात येणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्याचा उल्लेख आधी येतो. इटलीच्या मद्यास पसंती अधिक, शिवाय अरबस्तानचेही येई. राजासाठी उंची मद्य निराळे! ते दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या मातीच्या कुंभांतून येई. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकळिया यांनी नेवासे येथे उत्खनन केले, त्यात अशा कुंभांची खापरे मिळाली. समुद्रापासून इतक्या आत, घाट चढून मातीची भांडी न्यायची म्हणजे केवढा खटाटोप! आज जुन्नर तालुक्यात द्राक्षांचे मळे आहेत, पण तेव्हा ही चैन सातासमुद्रापलीकडून येत होती.

घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. जवळच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची मोजदाद त्यात आकड्यांनिशी कोरली आहे : एके ठिकाणी अकरा हजार गाई, एक हजार घोडे! महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी, असे राणीचे वर्णनही आहे. भिंतीशी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. डोक्यावरची नावे मात्र वाचता येतात. एका बाईचे नाव इतकी शतके ऊनपावसात टिकले, हे ऐकून आम्ही सगळ्याजणी क्षणभर गप्प झालो.

जुन्नरच्या डोंगरांत तर दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. तेथील लेखांत परदेशी माणसांची, म्हणजे यवनांची, नावे येतात. चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. लांबून आलेल्या या माणसाने आपले नाव कोरून ठेवण्यास पाण्याचेच दान निवडले. कुंभांतले मद्य कोणी प्याले, ते कोणास ठाऊक नाही. पाणी देणाराचे नाव राहिले.

हे वाचून मला आपल्या शहापूरची आठवण झाली. तानसा धरण १८९२ साली बांधून झाले, पुढे मोडकसागर आणि भातसाही झाली. आपल्या भागाचे पाणी मुंबईची तहान भागविते. आणि चैत्र-वैशाखात आपल्याच पाड्यांवरच्या बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन तळ गाठलेल्या विहिरीकडे चालतात, टँकरची वाट पाहतात. दारूची बाटली मात्र बारा महिने पाड्यापर्यंत पोहोचते. तिला कोणताच घाट अवघड वाटत नाही, आणि त्याचा त्रास कोणाच्या पदरी पडतो, हे आपणां बायकांस सांगावयास नको.

आपल्या मंडळाकडे राणीसारख्या हजारो गाई नाहीत. परंतु गावाजवळचे एखादे जुने टाके, गाळाने भरलेली एखादी विहीर आपण हातांनी साफ करू शकतो. या वर्धापनदिनी एवढे एक काम अंगावर घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. नाव कोरले नाही तरी चालेल. हंडा भरला म्हणजे झाले.