मानसिक उपचार सुरू असताना मोबाईल आणि चालणं

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि एसटी थांबली. आखाडा बाळापूरहून नांदेड किंवा हिंगोलीला तपासणीसाठी जाणं अवघड झालं. त्याच महिन्यात टेलिमेडिसिनचे नियम आले आणि डॉक्टरांचा सल्ला फोनवर मिळू लागला. मोबाईलचा तेव्हा आधारच झाला. पण शेतात, बाजारात जाणं बंद पडलं, आणि दिवसभर मोबाईल घेऊन पडून राहण्याची सवय काहींची अजून सुटलेली नाही.

तुम्ही ओलान्झापिनसारखं औषध घेत असाल तर याकडे लक्ष द्या. त्याने भूक आणि वजन वाढतं. हालचाल नसेल तर रक्तातली साखरही वाढू शकते. रात्रीच्या जागरणाचं वेगळंच. बायपोलर आजारात झोप अचानक कमी होणं ही उन्मादाची सुरुवात असू शकते.

घरच्यांनी मोबाईल हिसकावून घेऊ नये, ‘आळशी’ही म्हणू नये. नैराश्यात उठावंसंच वाटत नाही, ते आजाराचं लक्षण आहे. त्यापेक्षा संध्याकाळी सोबत दहा मिनिटं चाला. आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत हळूहळू पोहोचता येतं.

लिथियम घेणाऱ्यांनी मात्र भर उन्हात चालू नये. घामाने शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, उलट्या-जुलाब झाल्यास लगेच रुग्णालयात जा.

वजन वाढलं म्हणून औषध परस्पर बंद करू नका. डॉक्टर ते बदलून देऊ शकतात. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक 24 तास सुरू असतो.