हवामान बदल : परिणाम-मूल्यमापन व अनुकूलन प्रशिक्षण

हवामान बदलामुळे एखाद्या प्रदेशातील पाणी, शेती, आरोग्य व वस्ती यांवर काय परिणाम होतील याचा पद्धतशीर अंदाज बांधणे (परिणाम-मूल्यमापन) आणि त्यांना तोंड देण्यासाठी पिके, बांधकामे व कार्यपद्धती यांत योग्य फेरबदल करणे (अनुकूलन), या दोन कामांसाठी अभियंते, कृषी व आरोग्य अधिकारी, नगररचनाकार आदींना दिले जाणारे व्यावसायिक शिक्षण. उत्सर्जन घटविण्याच्या उपायांचे, म्हणजे उपशमनाचे, प्रशिक्षण यापासून वेगळे मानले जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या 1992 च्या हवामानविषयक आराखडा कराराच्या सहाव्या कलमात शास्त्रीय, तांत्रिक व व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख असला, तरी अभ्यासक्रमाला चौकट मिळाली ती आंतरशासकीय हवामान बदल मंडळाच्या (आयपीसीसी) 1994 च्या तांत्रिक मार्गदर्शिकेमुळे. तीत समस्येची व्याख्या, पद्धतीची निवड व चाचणी, परिदृश्यांची निवड (परिदृश्य म्हणजे भावी हवामानाचे संभाव्य चित्र) अशा क्रमाने सात पायऱ्या सांगितल्या असून अनुकूलनाच्या उपायांची पारख अगदी शेवटच्या पायरीवर येते. या क्रमामुळे सुरुवातीच्या प्रशिक्षणाचा बराच वेळ संगणकीय प्रारूपे चालविण्यात जाई आणि निर्णयाची बाजू लंगडी राही. अल्पविकसित देशांच्या अनुकूलन कृती कार्यक्रमांना 2001 मध्ये मराकेश येथे मान्यता मिळाली, तेव्हा लोकांच्या आजच्या अडचणींपासून मूल्यमापन सुरू करण्याची उलट दिशाही रुजली. आज दोन्ही दिशा शिकविल्या जातात. परंतु गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी दुसरीच अधिक उपयोगी आहे.

आयपीसीसीच्या पाचव्या अहवालापासून (2014) जोखीम ही संकल्पना प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी आली. संकट, त्याच्या टप्प्यात असणे आणि असुरक्षितता या तिन्हींच्या संयोगातून जोखीम निर्माण होते, असे ती सांगते. 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात वारा हे संकट होते, किनाऱ्यालगतच्या सुपारीच्या वाड्या त्याच्या टप्प्यात होत्या. आणि नव्याने लावलेल्या सुपारीला फळ धरण्यास अनेक वर्षे लागत असल्याने केवळ वाडीवर जगणारे कुटुंब असुरक्षित होते. वारा अडविता येत नाही, म्हणून अनुकूलनाचे बहुतेक काम उरलेल्या दोन घटकांवर करावे लागते.

महाराष्ट्रात या विषयाचे व्यापक प्रात्यक्षिक जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात (पोकरा) दिसते. मराठवाडा व विदर्भातील जिल्ह्यांसह एकूण 15 जिल्ह्यांतील सुमारे पाच हजार गावांसाठी आखलेल्या या प्रकल्पात गावाचा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पडलेला पाऊस, वाहून गेलेला अपधाव, जमिनीतील ओलावा आणि पिकांची गरज यांचा हिशेब, सूक्ष्म नियोजनाचा पाया मानला गेला; त्याची पद्धत भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई हिच्या साहाय्याने विकसित झाली. असा हिशेब गावकऱ्यांसमोर मांडता येणे हे कोणतेही प्रारूप चालविण्याइतकेच मोलाचे कौशल्य आहे, आणि अभ्यासक्रमांत त्याला मिळणारी जागा अजून अपुरी आहे.

अपायकारक अनुकूलन हा प्रशिक्षणातील आवश्यक, पण अनेकदा घाईने उरकला जाणारा भाग होय. एकाची जोखीम कमी करताना दुसऱ्याची वाढविणारा उपाय, असा त्याचा अर्थ. पावसाचे पाणी साठविण्यासाठी असलेले शेततळे प्लॅस्टिकचे अस्तर घालून विहीर किंवा कूपनलिकेच्या पाण्याने भरले, तर एका बागेची सोय होते. मात्र सामाईक भूजल उपसले जाते आणि उघड्या तळ्यातून त्याचे बाष्पीभवनही होते.

प्रशिक्षणाचा परिणाम नेमक्या कार्यपद्धतीत उतरल्याचे ठळक भारतीय उदाहरण अहमदाबादचे आहे. मे 2010 च्या तीव्र उष्णतेच्या लाटेनंतर तेथील महानगरपालिकेने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला, ज्यात पूर्वसूचना व जनजागृतीबरोबर उष्माघात ओळखून उपचार करण्याचे वैद्यकीय कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हा मुख्य घटक होता. पुढे नागपूरसह भारतातील इतर शहरांनीही असे आराखडे तयार केले.