खरकट्यातून आलेली साथ

विमानातील प्रवाशांच्या ताटात उरलेले अन्न पुढे कोठे जाते, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांना पडला असेल. १९५७ साली लिस्बनच्या विमानतळाजवळ ते डुकरांच्या पुढ्यात पडत होते. आफ्रिकेतील अंगोला तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि तिकडून माणसांची व मालाची ये-जा सतत चालू असे. त्या वर्षी या डुकरांना कडक ताप भरला, त्यांनी खाणे सोडले, कानांची व पोटाची कातडी तांबडी-निळी पडली आणि थोड्याच दिवसांत जवळजवळ सगळी डुकरे मेली. उरलीसुरली मारून, गोठे रिकामे करून पोर्तुगालने ती साथ थांबवली. आफ्रिकन स्वाइन फीवर या रोगाने आफ्रिका खंडाबाहेर टाकलेले हे पहिले पाऊल. खरकट्यातील डुकराच्या मांसाचे तुकडे हेच त्याचे वाहन होते, असे मानले जाते.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा केला पाहिजे. 'स्वाइन' हा शब्द ऐकला की पुण्याच्या वाचकांना २००९ चा ऑगस्ट महिना आठवतो. शाळा बंद होत्या आणि तोंडाला रुमाल बांधलेले लोक तपासणीच्या रांगांत उभे होते. तो स्वाइन फ्लू. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूमुळे होणारा, माणसाकडून माणसाकडे जाणारा. आपण येथे ज्याविषयी बोलत आहोत तो रोग माणसाला होत नाही, गाई-म्हशींनाही होत नाही. डुक्कर आणि त्याचे जंगली भाऊबंद यांच्यापुरताच तो मर्यादित आहे. आणखी एक तिसरा रोग आहे, तो 'क्लासिकल' स्वाइन फीवर. त्याची लक्षणे इतकी सारखी असतात की नुसते पाहून अनुभवी पशुवैद्यालाही फरक सांगता येत नाही. मात्र त्याचा विषाणू अगदी निराळा आहे आणि त्यावर चांगली लस आहे. वर्गात ही तिन्ही नावे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून घ्यावीत.

आफ्रिकन स्वाइन फीवर निराळा आहे हे ओळखले ते मॉन्टगोमेरी या ब्रिटिश पशुवैद्याने. गोऱ्या वसाहतवाल्यांनी केनियात युरोपातली डुकरे नेली होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती कळपाकळपाने मरू लागली. मॉन्टगोमेरीने पाहिलेल्या साथींत शंभरातील अठ्ठ्याण्णवहून अधिक डुकरे मेली. क्लासिकल रोगापासून संरक्षण देणारा रक्तद्रव या डुकरांना वाचवू शकत नाही, हे त्याने प्रयोगाने दाखवले आणि १९२१ साली आपले काम प्रसिद्ध केले. त्याचा संशय रानातल्या वॉर्टहॉग या सुळेवाल्या डुकरावर होता. तो संशय बरोबर होता. वॉर्टहॉगच्या अंगात हा विषाणू असतो, पण त्याला त्याचे काही वाटत नाही. आजारी पडते ते परदेशातून आणलेले पाळीव डुक्कर. म्हणजे रोग जुनाच होता. त्याला नवे, संरक्षण नसलेले शरीर माणसाने नेऊन दिले होते. उपाय साधा निघाला. रानडुकरांचा पाळीव डुकरांशी संबंध येणार नाही असे भक्कम कुंपण घातले, की केनियातली वराहपालन केंद्रे वाचत.

ज्या रोगाला कुंपण पुरत होते, तो लिस्बनला पोहोचल्यावर मात्र हाताबाहेर गेला. १९५७ ची साथ संपली, पण १९६० मध्ये तो पुन्हा लिस्बनमध्ये उपटला आणि त्याच वर्षी स्पेनमध्ये शिरला. आता तो कुंपणापलीकडच्या वॉर्टहॉगकडून येत नव्हता. तो मांसाच्या तुकड्यातून, बाजारात नेलेल्या डुकरातून, व्यापाऱ्याच्या गाडीच्या चाकांवरून, माणसाच्या बुटाच्या तळव्यावरून येत होता. हा विषाणू विलक्षण चिवट आहे. रक्तात, शेणामुतात, खारवलेल्या मांसात तो आठवडेच्या आठवडे टिकतो. गोठवलेल्या मांसात तर वर्षानुवर्षे.

लसीचा एक फसलेला प्रयोग

साथ आली की सर्वांची नजर लसीकडे वळते. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे तर अधिकच. पोर्तुगालनेही तेच केले. विषाणू पेशींवर वाढवून सौम्य करण्यात आला आणि १९६२-६३ च्या सुमारास लाखो डुकरांना ही जिवंत लस टोचली. परिणाम उलटा झाला. अनेक डुकरांना न्यूमोनिया झाला, सांधे सुजले, कातडीवर व्रण पडले. त्याहून वाईट म्हणजे जी वरवर बरी दिसत होती, त्यांच्यातली काही विषाणू अंगात बाळगून फिरू लागली. पूर्वी मेलेले डुक्कर पाहून रोग कळत असे. आता तो जिवंत, चालत्या-खात्या डुकरात लपला.

लस का जमली नाही, याचे कारण विषाणूच्या स्वभावात आहे. रक्तातल्या ज्या भक्षक पेशी जंतू गिळतात, त्यांच्यातच हा विषाणू वाढतो. चौकीदाराच्या खोलीतच चोराने बिऱ्हाड करावे तसा हा प्रकार. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, पण नुसती प्रतिपिंडे त्याला पुरती निकामी करू शकत नाहीत. बुळकांडीसारखा भयंकर गुरांचा रोग लसीच्या बळावर २०११ पर्यंत पृथ्वीवरून नाहीसा झाला. येथे ते शस्त्रच बोथट होते.

१९६३ मध्ये स्पेनच्या सांचेस बोतिखा या शास्त्रज्ञाने आणखी एक कोडे उलगडले. गोठा रिकामा ठेवून महिन्यांनी नवी डुकरे आणली तरी काही ठिकाणी ती पुन्हा मरत. जुन्या दगडी गोठ्यांच्या भेगांत राहणाऱ्या मऊ कवचाच्या गोचिडींत विषाणू सापडला. ही गोचीड रात्री बाहेर येते, काही मिनिटे रक्त पिते आणि पुन्हा भेगेत शिरते. वर्षानुवर्षे उपाशी राहून ती जगू शकते. पुढे १९६९ मध्ये प्लोराइट आणि त्याच्या सहकाऱ्यांना पूर्व आफ्रिकेत वॉर्टहॉगच्या बिळांतल्या गोचिडींमध्येही तोच विषाणू मिळाला. मॉन्टगोमेरीच्या कुंपणाचे शास्त्र तेव्हा कोठे पुरते समजले: गोचीड बिळात राहते, वॉर्टहॉग आत आला नाही की तीही येत नाही.

स्पेनची दहा वर्षे

१९६० ते १९८५ अशी पंचवीस वर्षे स्पेन या रोगाशी झुंजत होता आणि हरत होता. साथ आली की कळप मारायचे; तोवर ती दुसरीकडे गेलेली. या हरण्यामागचे कारण आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. हा रोग वाटतो तितका झपाट्याने पसरत नाही. मोठ्या गोठ्यात आज एक डुक्कर मरते, तीन-चार दिवसांनी आणखी दोन. एखादे डुक्कर मरणे ही रोजचीच बाब, म्हणून मालक दुर्लक्ष करतो. संशय येतो तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात. सरकारला कळवले तर सगळा कळप मारला जाणार. न कळवता धडधाकट दिसणारी डुकरे आजच विकली तर निदान घातलेले पैसे सुटतील. भरपाई कमी आणि उशिरा मिळणार असेल तर बहुतेक माणसे कोणती वाट धरतील, हे सांगायला विषाणुशास्त्र लागत नाही. विकलेल्या प्रत्येक डुकराबरोबर साथ नव्या गावाला जाते.

मार्च १९८५ मध्ये स्पेनने नवी मोहीम सुरू केली. १९८६ च्या प्रारंभी स्पेन आणि पोर्तुगाल युरोपीय आर्थिक समुदायात आले. मांसाची मोठी बाजारपेठ समोर दिसत होती, पण रोग असेपर्यंत तिचे दार बंद होते. समुदायाचा पैसाही मिळाला. फिरती पशुवैद्यक पथके गोठ्यागोठ्यात जाऊन रक्ताचे नमुने घेऊ लागली. लस नव्हती, पण रक्तातली प्रतिपिंडे ओळखणारी एलायझा चाचणी होती. या रोगातून वाचलेले डुक्कर दीर्घकाळ प्रतिपिंडे बाळगते. जी प्रतिपिंडे संरक्षणाला अपुरी पडली होती, तीच आता लपलेल्या वाहकाची चुगली करू लागली. लागण झालेले कळप मारले जात आणि मालकाला पुरेशी भरपाई मिळे. डुकरांना ओळखखुणा लावल्या आणि परवान्याशिवाय त्यांची ने-आण बंद झाली. गोठे सुधारण्यासाठी कर्जे दिली, भेगाळलेले जुने गोठे वापरातून काढले. शेतकऱ्यांचे स्वतःचे आरोग्यरक्षण संघ उभे राहिले आणि शेजारचा काय करतो याकडे शेजारी लक्ष देऊ लागला.

१९९५ मध्ये स्पेन रोगमुक्त जाहीर झाला. तीस वर्षे तेथे रोग नव्हता. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मात्र बार्सिलोनाजवळ मेलेल्या रानडुकरांत तो पुन्हा आढळला.

हैतीची काळी डुकरे

त्याच काळात अटलांटिकच्या पलीकडे अगदी वेगळी गोष्ट घडली. १९७८ मध्ये रोग डोमिनिकन प्रजासत्ताकात पोहोचला आणि १९७९ मध्ये त्याच बेटावरच्या हैतीत. हैतीतले देशी डुक्कर लहान, काळे, काटक. रानात फिरून, मिळेल ते खाऊन ते वाढे. बँकेचे तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्याची तीच बँक होती: लग्न, आजारपण, मुलांच्या शाळेचे शुल्क, सगळे डुक्कर विकून भागे. पहिल्या लाटेनंतर मरण्याचे प्रमाण उतरले आणि बरीच डुकरे धडधाकट दिसू लागली. पण ती वाहक असू शकत होती आणि अमेरिकेला आपल्या वराहपालन उद्योगाची काळजी होती. परदेशी पैशाने मोहीम आखली गेली आणि १९८३ पर्यंत देशातली उरलेली लाखो डुकरे मारण्यात आली.

विषाणूच्या दृष्टीने मोहीम यशस्वी झाली. रोग गेला. पण अनेकांच्या हातात भरपाई पुरेशी पडलीच नाही. बदली म्हणून अमेरिकेतून गोरी, मोठी डुकरे आणली. त्यांना छप्पर हवे, स्वच्छ पाणी हवे, विकतचे खाद्य हवे. लोकांनी त्यांना 'चार पायांचे राजपुत्र' असे नाव ठेवले. ज्या घरात माणसांना पक्के छप्पर नाही तेथे राजपुत्राला कोठे ठेवणार? मुलांची शाळा सुटली ती डुक्कर गेले म्हणून, हे हैतीचे शेतकरी पुढे कित्येक वर्षे सांगत राहिले. आम्हाला स्वतःला या मोहिमेला यश म्हणणे जड जाते. आणि २०२१ मध्ये रोग या बेटावर परत आलाच.

पुन्हा एक बंदर

२००७ मध्ये जॉर्जिया देशात काळ्या समुद्रावरील पोती बंदराच्या परिसरात रोग उगवला. यावेळी विमानाऐवजी जहाजातले खरकटे असावे. तेथून तो रशियात आणि २०१४ मध्ये रानडुकरांमार्फत पोलंड व बाल्टिक देशांत गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये तो चीनमधील शेनयांग येथे आढळला. जगातली सुमारे निम्मी डुकरे तेव्हा चीनमध्ये होती. अधिकृत आकड्यांनुसारच सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांची संख्या आदल्या वर्षापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरली. त्यानंतर तेथल्या मोठ्या कंपन्यांनी जे केले ते वाचताना रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहाची आठवण होते. कामगाराने आत जाताना आंघोळ करून कपडे बदलायचे. गाडी फाटकाबाहेर धुऊन, गरम हवेने वाळवून मगच जवळ आणायची. नवे डुक्कर कळपापासून दूर ठेवून तपासायचे. बाहेरचे मांस कामगाराच्या डब्यातसुद्धा नको. लहान शेतकऱ्याला हे झेपणारे नव्हते आणि अनेकांनी धंदा सोडला. व्हिएतनामने २०२२ मध्ये नव्या जिवंत लसीला परवाना दिला. पण त्याच वर्षी लस टोचलेली काही डुकरे मेल्यामुळे वापर थांबवावा लागला आणि सर्वत्र परवानगी मिळायला २०२३ उजाडले. पोर्तुगालची आठवण असलेल्यांना धास्ती वाटणे साहजिक होते.

भारतात हा रोग २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९० लाख डुकरे होती. त्यांतली २१ लाख एकट्या आसामात. ती बहुतेक घरामागे पाळलेली, दोन-चार, घरच्या आणि हॉटेलच्या उष्ट्यावर वाढणारी. उष्टे घालायचेच तर ते ९० अंश सेल्सियस तापमानात तासभर ढवळत उकळावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तासभराचे सरपण किती लागते, हे चूल पेटवणारीलाच ठाऊक. आसाम सरकारने प्रथम सरसकट कत्तल टाळली. सप्टेंबरमध्ये मात्र रोगग्रस्त भागांतली सुमारे १२ हजार डुकरे मारण्याचा आणि मालकांना भरपाई देण्याचा निर्णय झाला. काझीरंगातली रानडुकरे वस्तीकडे येऊ नयेत म्हणून अभयारण्याच्या एका कडेला सुमारे दोन किलोमीटर लांबीचा खंदक खणला गेला. मॉन्टगोमेरीला तो पाहून ओळखीचे हसू आले असते. २०२१ मध्ये रोग मिझोरामात होता आणि जुलै २०२२ मध्ये केरळातील वायनाडमध्ये. एवढे अंतर रानडुक्कर चालून जात नाही.