वर्गांचा तक्ता

आम्हां शाळामास्तरांचा जन्म पाढे घोकून घेण्यात जातो; म्हणून केंब्रिज विद्यापीठाच्या 'एडसॅक' गणकयंत्राची हकीकत वाचताना मला मोठी मौज वाटली. ६ मे १९४९ रोजी त्याने पहिले काम केले ते वर्गसंख्यांचा तक्ता छापण्याचे! मॉरिस विल्क्स यांनी ते बांधले ते विद्यापीठातील संशोधकांची आकडेमोड उरकावी म्हणून. केंड्र्यू यांना मायोग्लोबिनची घडण उलगडताना त्याचाच आधार झाला. १९५३ साली ही विद्या शिकविणारा पदविका-वर्गही तेथे निघाला.

तत्पूर्वी एकदा सुधारणांसाठी यंत्र काही महिने बंद होते. तेव्हा अँड्र्यू हक्स्ले यांनी हातयंत्राचा दांडा आठवडेच्या आठवडे फिरवून मज्जातंतूंतील विद्युत्प्रवाहाची समीकरणे सोडविली. १९६३ साली हॉजकिन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाचकहो, यंत्र थांबले होते. पाढे थांबले नव्हते!