दोष औषधाचा की पाण्याचा?

१९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, पुढं लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला. हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्याच पाण्यानं काही पट्ट्यांत जमिनी खारावल्या, विहिरींचं पाणी जड झालं, ते कुणी काढत नाही.

ग्लायफोसेट १९७४ ला अमेरिकेत बाजारात आलं. थेंब पानावर पसरवणारं द्रव्य त्यात बहुधा आधीच असतं. तरी आम्ही हरळीसाठी पंपात कपड्यांची पावडर टाकायचो! फेस भरपूर, हरळी हिरवीगार. मग शिव्या दुकानदाराला, औषध डुप्लिकेट म्हणून.

दुखणं पाण्यात होतं. जड पाण्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं, पानात नीट शिरू देत नाही. अमोनियम सल्फेट आधी विरघळवलं की सल्फेट कॅल्शियमला गुंतवतं. औषध त्यानंतर. युरियाला हे जमत नाही. कालव्याचं गढूळ पाणी घ्यावं, तर औषध गाळालाच चिकटतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं आदेश काढला, ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण चालकांनीच फवारायचं. आमच्या गावात असा चालक अजून दिसला नाही. त्याच रानात दुसऱ्यांदा पंप मारणारे मात्र दर पावसाळ्यात दिसतात.