नायबाचे पत्ते आणि अंग खाजवणारा कुत्रा

युरोपचं मध्ययुग म्हटलं की चर्च, पोप आणि चिलखतातले सरदार एवढंच डोळ्यांपुढे येतं. शालेय इतिहासात त्याला ‘अंधारयुग’ असं सोयीचं नावही मिळालेलं असतं. पण त्या युगाच्या अखेरच्या शतकात जर्मन प्रदेशात कागदावर काढलेली आणि छापलेली चित्रं पाहिली, की वेगळीच दुनिया दिसते. तिथे बाजार आहे, नवरा-बायकोचं भांडण आहे, पत्त्यांचा डाव आहे.

सुरुवात कागदापासून करू. कातड्यावरच्या हस्तलिखितात काढलेलं चित्र राजाला, सरदाराला नाहीतर मठाला परवडायचं. कागदाने हे बदललं. समरकंद, बगदाद, अंदलुसमधलं शातिबा, मग इटलीतलं फाब्रियानो आणि १३९० मध्ये न्यूरेंबर्गजवळ उल्मान श्ट्रोमरची कागदगिरणी, असा त्याचा प्रवास. १४०० च्या सुमारास लाकडी ठशांवरून आणि १४३० च्या दशकापासून तांब्याचा पत्रा कोरून चित्रं छापली जाऊ लागली. एका ठशावरून अनेक प्रती निघाल्या आणि चित्र शहरातल्या कारागिराच्या घरी पोचलं.

तांब्यावर कोरून छापणाऱ्या पहिल्या कलावंतांपैकी एकाचं नाव इतिहासाने जपलं नाही. त्याला ‘पत्त्यांचा उस्ताद’ म्हणतात, कारण त्याने पत्ते छापले. पत्ते युरोपात १३७० च्या दशकात मामलुकांच्या मिसरमधून आले, असं मानलं जातं. मामलुकी पत्त्यांत ‘नायब’ हा हुद्दा होता. पत्त्यांना स्पॅनिशमध्ये ‘नाइपेस’ म्हणतात, तो शब्द त्यावरूनच आल्याचं बरेच अभ्यासक मानतात. आपल्या नायब तहसीलदारांचा हा दूरचा भाऊबंद!

आता माणसं पाहू. कोलमारचा मार्टिन शोनगाउअर धार्मिक चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याच हाताने त्याने बाजाराला निघालेलं शेतकरी कुटुंब कोरलं. बायको आणि मूल घोड्यावर, नवरा पायी. दुसऱ्या एका चित्रात सोनाराकडची दोन शिकाऊ पोरं एकमेकांशी झोंबतात. शोनगाउअर सोनाराचाच मुलगा, त्यामुळे अशा मारामाऱ्या त्याने जवळून पाहिल्या असणार. बोखोल्टच्या इस्राहेल फान मेकेनेमने १४९० च्या सुमारास पत्नी ईडासोबत स्वतःचं चित्र छापलं. आणखी एका निनावी कलावंताने नुसता अंग खाजवणारा कुत्रा काढला. त्या कुत्र्यात ना उपदेश आहे ना चमत्कार. ‘हाउसबुक’ नावाच्या हस्तलिखितात बुध ग्रहाच्या प्रभावाखालचे लोक रेखाटले आहेत. त्यांत चित्रकार आहे, सोनार आहे आणि पोराला छडीने बडवणारा मास्तरही आहे. बीएडला आम्हाला ‘बालकेंद्री अध्यापन’ शिकवलं, त्यामुळे या मास्तरापाशी मी जरा जास्त वेळ थांबते.

मात्र ही चित्रं म्हणजे त्या काळचे फोटो नव्हेत. मेकेनेमच्या एका चित्रात बायको सूतकताईच्या दांड्याने नवऱ्याला बडवते आणि वर सैतान घिरट्या घालतो. त्यावरून तिथल्या बायका नवऱ्यांना मारत, असा निष्कर्ष काढता येत नाही. ‘बायको डोक्यावर बसली तर काय होतं बघा’ अशी ती पुरुषांची थट्टा आणि धास्तीही आहे. शेतकऱ्यांची चित्रं शेतकरी विकत घेत नव्हते, शहरी गिऱ्हाईक घेई आणि कधी कधी हसेही.

शिवाय सगळं टिकलंही नाही. संतांची चित्रं लोकांनी पोथ्यांत चिकटवून जपली. पत्ते हाताळून फाटले. काही तर जुन्या पुस्तकांच्या बांधणीत रद्दी म्हणून भरले गेले, म्हणून सापडले. धर्माची चित्रं जास्त उरली, याचा अर्थ माणसं चोवीस तास फक्त धर्मच जगत होती असा नाही.

हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्याबाबतीत हेच घडतं. मध्ययुगातला मुसलमान म्हणजे सुलतान, तलवार आणि मशीद. कागद बनवणारा, पत्ते रंगवणारा, बाजारात घासाघीस करणारा मुसलमान त्यात सापडत नाही. कोणत्याही समाजाला फक्त त्याच्या धर्मावरून ओळखलं, की त्याची भूक, भांडणं आणि हसणं पुसलं जातं; मग त्याचा द्वेष करणंही सोपं होतं. म्हणून जुनं चित्र समोर आलं की मी मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगते: हे कोणी काढलं, कोणी विकत घेतलं आणि यात कोण दिसत नाही? तिसऱ्या प्रश्नाला वर्ग सर्वांत जास्त वेळ घेतो. घेऊ द्यावा.