ओट्यामागची भिंत आणि मोठी टाइल: निवड करताना काय पाहावे?

स्वयंपाकघरातील ओटा आणि वरची कपाटे यांच्यामधली भिंत साधारण दोन फूट उंचीची असते. मात्र घरातील इतर कोणत्याही भिंतीपेक्षा तिला अधिक सोसावे लागते. फोडणीचे तेल, हळदीचे शिंतोडे, कुकरची वाफ आणि दिवसातून अनेकदा फिरणारा ओला फडका हे सारे तिच्याच वाट्याला येते. या भिंतीवर पूर्वी लहान चौकोनी लाद्या बसवल्या जात. आता ६०० × १२०० मिलिमीटर, म्हणजे बोलीभाषेत दोन बाय चार फुटांच्या, टाइल्सकडे ओढा वाढला आहे. दुकानात निवड होते ती रंग आणि नक्षी पाहून. परंतु टाइल वर्षानुवर्षे टिकेल की नाही, हे तिच्यामागची भिंत आणि दोन टाइल्समधला सांधा ठरवतो.

हे समजून घेण्यासाठी इंदूरचे उदाहरण उपयुक्त आहे. १८१८ मध्ये मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि मराठी कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने स्थिरावली. राजवाड्याच्या परिसरातील जाड भिंतींची जुनी घरे आणि शहराच्या कडेने वाढलेल्या नव्या इमारती, अशी दोन्ही प्रकारची स्वयंपाकघरे त्या शहरात आढळतात. माळव्याची काळी माती, कोरडा उन्हाळा आणि तळणीचे पदार्थ आवडीने करणारी घरे यांमुळे ओट्यामागच्या टाइलची तेथे चांगलीच परीक्षा होते.

सांध्यांचा हिशेब

मोठ्या टाइलचा खरा लाभ सौंदर्यापेक्षा स्वच्छतेत आहे. दहा फूट लांब आणि दोन फूट उंच पट्टी घेतली, तर ३०० × ४५० मिलिमीटरच्या आडव्या लाद्यांच्या दोन ओळी लागतात आणि त्यांतील सांध्यांची एकूण लांबी सुमारे साडेसहा मीटर भरते. त्याच जागी ६०० × १२०० मिलिमीटरच्या टाइल्स आडव्या लावल्या, तर केवळ दोन उभे सांधे उरतात; त्यांची लांबी जेमतेम सव्वा मीटर. ओट्याला समांतर जाणारा आडवा सांधा तर पूर्णपणे नाहीसा होतो. तेल आणि हळद प्रथम शिरतात ती याच सांध्यांत.

सिमेंटचे ग्राउट सच्छिद्र असल्याने डाग शोषून घेते. शिवाय हळदीतील रंगद्रव्य क्षाराच्या संपर्कात तांबूस होते. त्यामुळे ताज्या सिमेंटच्या सांध्यावर किंवा साबणाच्या पाण्याने पुसताना पिवळा डाग लालसर झालेला दिसतो. इपॉक्सी ग्राउट महाग असते आणि ते भरण्यास कुशल हात लागतो. परंतु ते डाग जवळजवळ शोषत नाही. सांधेच मोजके असतील, तर हा वाढीव खर्चही मर्यादित राहतो. सांधा अजिबात न ठेवता टाइलला टाइल भिडवण्याचा आग्रह मात्र धरू नये. किमान २ मिलिमीटर फट हवी. अन्यथा तापमानाच्या फरकाने होणाऱ्या सूक्ष्म हालचालीला वाव उरत नाही आणि कडांचे टवके उडतात.

आधी भिंतीची तपासणी

लहान लादी भिंतीच्या चढउतारांशी जुळवून घेते. मोठी टाइल तसे करत नाही. म्हणून खरेदीपूर्वी दोन मीटर लांबीची सरळ पट्टी भिंतीवर आडवी, उभी आणि तिरपी धरून पाहावी. पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा अधिक फट दिसली, तर आधी गिलावा सरळ करून घ्यावा. ओळंब्याने भिंतीचा कलही तपासावा. टाइलच्या पाठीमागे मसाल्याचे जाडजूड गोळे लावून खड्डे भरण्याची पद्धत टाळणे इष्ट. त्यामुळे आत पोकळी राहते आणि पुढे त्याच जागी टाइल तडकते किंवा सुटते.

इंदूरमध्ये आणखी एक प्रश्न उभा राहतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल, तर भिंतींना तिरप्या भेगा पडतात. अशा भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी आणि किमान एक पावसाळा वाट पाहावी. भेग वाढत असेल, तर प्रथम तिचे कारण दूर करणे आवश्यक आहे. मोठी टाइल भेग झाकते, थांबवत नाही. हालचाल सुरूच राहिली, तर काही काळाने तीच रेषा टाइलवर उमटते.

गोव्यातील घरांत दुखणे निराळे आहे. चिऱ्याच्या जुन्या भिंतींतून पावसाळ्यात ओल चढते. ओल्या गिलाव्यावर टाइल बसवल्यास आतला ओलावा कोंडला जातो. तेव्हा ओल थांबवून, गिलावा पूर्ण सुकवूनच काम हाती घ्यावे. नवा सिमेंट गिलावा असेल, तर सुमारे २८ दिवस जाऊ द्यावेत.

टाइलचा प्रकार, वजन आणि चिकटद्रव्य

भारतीय मानक १५६२२ मध्ये टाइल्सची वर्गवारी पाणी शोषण्याच्या प्रमाणावरून केलेली आहे. विट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्यांहून अधिक पाणी शोषत नाही. भिंतीसाठीची साधी सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून अधिक शोषू शकते. मोठ्या आकाराच्या टाइल्स बहुधा विट्रिफाइड असतात. त्या मजबूत खऱ्या. परंतु पाठ पाणी शोषत नसल्याने सिमेंटची साधी खळ त्यांना नीट धरून ठेवत नाही. त्यातच ९ मिलिमीटर जाडीच्या दोन बाय चार फुटी टाइलचे वजन सुमारे १५ किलो असते. ८०० × १६०० मिलिमीटरच्या टाइलचे २७ किलोंच्या आसपास जाते.

यासाठी पॉलिमरयुक्त चिकटद्रव्यच वापरावे. त्याच्या पिशवीवर भारतीय मानक १५४७७ चा आणि प्रकाराचा उल्लेख आहे का, हे पाहून घ्यावे. टाइलच्या पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसून काढावी, चिकटद्रव्य दातेरी थापीने भिंतीवर पसरावे आणि त्याचा पातळ थर टाइलच्या पाठीलाही द्यावा. इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात भिंतीवर पसरलेल्या थरावर लवकर साय धरते. म्हणून एका वेळी एकाच टाइलपुरते मिश्रण पसरणे श्रेयस्कर ठरते. टाइल बसल्यावर हलके ठोकून पाहावे. पोकळ आवाज आल्यास ती लगेच काढून पुन्हा बसवावी.

पृष्ठभाग आणि रंग

चकचकीत पृष्ठभाग पुसण्यास सर्वांत सोपा; मात्र कपाटाखालच्या दिव्यांची तिरीप त्यावर डोळ्यांत भरते. मऊ मॅट पृष्ठभाग हा चांगला मध्यम मार्ग आहे. खरबरीत किंवा उठावाची नक्षी असलेली टाइल शेगडीमागे नसावी, कारण तिच्या खाचांत तेल साचते. इंदूरच्या अनेक वसाहतींत नर्मदेच्या पाण्याबरोबर कूपनलिकेचे जड पाणीही वापरात असते. गडद चकचकीत टाइलवर त्याचे पांढरे डाग ठळक दिसतात. जेथे विहिरीच्या पाण्यात लोह असते, तेथे फिकट टाइलवर तांबूस झाक येते. आपल्या घरचे पाणी कसे आहे, हे पाहून रंग ठरवणे हिताचे.

संगमरवराचे रूप हवे असेल, तर खऱ्या संगमरवराऐवजी त्या नक्षीची टाइल घ्यावी. लिंबू, चिंच आणि कोकम यांच्या आंबटपणाने संगमरवराची चकाकी कायमची जाते. टाइलच्या काचेसारख्या थरावर त्यांचा परिणाम होत नाही.

खरेदीचे गणित

देशातील टाइल उत्पादनाचा फार मोठा वाटा गुजरातमधील मोरबीचा आहे. राजकोटजवळच्या बामणबोरहून अहमदाबाद, गोध्रा, दाहोदमार्गे इंदूरला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४७ मुळे माळव्याला हा माल सहज मिळतो. एकाच नक्षीच्या दोन खेपांत रंगछटा बदलू शकते. म्हणून सर्व खोक्यांवरील खेप आणि छटेचे क्रमांक सारखे आहेत, याची खातरजमा करावी. दोन बाय चार फुटांच्या खोक्यात बहुधा दोन टाइल्स असतात. दहा फुटी सरळ ओट्याला तीन लागतात. दोन खोकी घेतल्यास एक शिल्लक उरते. ती जपून ठेवावी, कारण काही वर्षांनी तीच नक्षी मिळेलच असे नाही.

मोजमाप करताना जिना विसरू नये. १२०० × २४०० मिलिमीटरची शिळा जुन्या घराच्या अरुंद जिन्यातून किंवा इमारतीच्या लिफ्टमधून वळत नाही. शेगडीमागे चिमणीपर्यंतची भिंत दोन फुटांहून उंच असल्यास तेथे टाइल उभी लावण्याचा विचार करावा. विजेचे बोर्ड आणि नळाच्या जागा आधीच नक्की कराव्यात. बोर्डासाठी चौकोनी खाच कापताना कोपऱ्यांवर प्रथम गोल छिद्रे पाडावीत. तीक्ष्ण कोपऱ्यातूनच बहुतेक तडे सुरू होतात. टाइल व ओटा यांच्यामधल्या कोनात ग्राउटऐवजी सिलिकॉन भरावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टाइल लावण्यापूर्वी भिंतीतील नळांना पूर्ण दाबाने पाणी सोडून गळती तपासावी आणि तारांची चाचणी घ्यावी. लहान लाद्यांच्या भिंतीत बिघाड निघाला, तर दोन लाद्या काढून काम भागते. मोठ्या टाइलमागे तोच बिघाड आढळला, तर चार फुटांची अख्खी टाइल फोडावी लागते. भिंत सरळ, कोरडी आणि स्थिर नसेल, तर तूर्त लहान लादीच बरी.